तांब्याच्या पोटावरचं नाव

कोकणात भांड्याला मालकाचं नाव लागतंच. वाडीत लग्न निघालं, सत्यनारायण निघाला, की पातेली, पराती, कळशा या घरातून त्या घरात जातात. कार्य उरकलं की घासूनपुसून ओटीवर पालथ्या घातलेल्या ढिगातून आपापलं उचलायचं ते नाव वाचून. आहेरात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचंही नाव असतं, तारीख असते, ‘सप्रेम भेट’ असते. कुणी किती जाड बुडाचं भांडं दिलं, हा हिशेब पुढची कित्येक वर्षं मांडणीवर चकाकत राहतो.

रत्नागिरीच्या राम आळीत काय किंवा चिपळूण-सावंतवाडीच्या बाजारात काय, भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : नाव काय घालायचं? मग कागदावर लिहून दिलेलं नाव समोर ठेवून दुकानातला माणूस थरथरत्या सुईचं विजेचं यंत्र हातात घेतो आणि घरघर आवाजात टिंबाटिंबांनी अक्षरं उमटू लागतात. नीट पाहिलं तर त्याचा उजवा हात फारसा जागा सोडत नाही. फिरतो तो डावा हात आणि त्यातलं भांडं. सुई आपल्या जागी, पृष्ठभाग तिच्यापाशी चालत येतो. या कामाला लागणारी बरीचशी भूमिती त्या डाव्या हातात आहे आणि त्या हाताला ती कुणी शिकवलेली नाही.

संगणकाला मात्र शिकवावी लागते. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहे. मेकॅनिकलच्या मुलांना कॅड शिकावंच लागतं. नट, बोल्ट, फ्लँज काढून हात बसला की कुणाला तरी डब्यावर किंवा पाण्याच्या बाटलीवर स्वतःचं नाव कोरायची हुक्की येते आणि गाडं तिथे अडतं.

समजा, सरळ भिंतीचा गोल डबा आहे, व्यास १०० मिलिमीटर. नाव ६० मिलिमीटर रुंद. मुलगा काय करतो? डब्याला समोरून टेकेल असं एक सपाट प्रतल घेतो, त्यावर नाव टाइप करतो आणि अर्धा मिलिमीटर आत कापायला सांगतो. पडद्यावर कापलं जातं ते मधलं जेमतेम १४ मिलिमीटर. बाकीची अक्षरं हवेतच राहतात, कारण नावाच्या कडांपर्यंत पोचेतो डब्याची भिंत तब्बल १० मिलिमीटर मागे वळलेली असते. खोली वाढवून पाहिली तर मधली अक्षरं भिंत भेदून पार डब्याच्या पोटात जातात. वर्गात हसू पिकतं ते इथेच.

यावर पहिला उपाय प्रक्षेपणाचा. अक्षरं समोरून सरळ रेषेत डब्यावर पाडायची आणि भिंतीपासून अर्धा मिलिमीटर आत असलेल्या दुसऱ्या गोल पृष्ठभागापर्यंतच कापायचं. आता तळ भिंतीबरोबर वळतो. अगदी समोर उभं राहून पाहिलं तर नाव झकास दिसतं. डबा जरा फिरवला की सोंग उघडं पडतं. कडेचं अक्षर मधल्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी ताणलेलं असतं. कागदावरचं ६० मिलिमीटरचं नाव पत्र्यावर मोजलं तर ६४ मिलिमीटरहून जास्त भरतं. दुसरा उपाय गुंडाळण्याचा. नाव लेबलासारखं डब्याभोवती लपेटायचं. सॉलिडवर्क्समध्ये याला ‘रॅप’ म्हणतात, इन्व्हेंटर आणि फ्यूजनमध्ये हे काम ‘एम्बॉस’ करतं. आता ६० मिलिमीटर पत्र्यावरही ६०च राहतात आणि प्रत्येक अक्षर आपल्या मापाचं असतं. डब्याचा सुमारे ६९ अंशांचा भाग नाव व्यापतं. मात्र समोरून पाहिलं तर कडेची अक्षरं किंचित अरुंद दिसतात आणि नावाची दिसणारी रुंदी साडेछप्पन्न मिलिमीटरच्या आसपास येते.

दोन्हींपैकी बरोबर कुठलं? पुस्तकं बहुतेक वेळा गुंडाळण्याच्या बाजूने कौल देतात, पण ते अर्धंच खरं. रत्नागिरीतच राम आळीतून मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलं तर दुसरी बाजू दिसते. तिथे मासेमारीच्या होड्यांवर नावं रंगवलेली असतात, आयएनडी-एमएचने सुरू होणारे नोंदणी क्रमांक असतात आणि ती अक्षरं नाळेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, दोन्ही अंगांनी वळलेल्या फळ्यांवर येतात. पेंटर चार अक्षरं काढतो, मागे सरकतो, डोळे बारीक करून बघतो, पुन्हा पुढे येतो. नाव वाचायचं आहे ते धक्क्यावरून, शेजारच्या होडीवरून, गस्तीच्या बोटीवरून. फळीवर टेप लावून अक्षरं सारखी आहेत का, हे कोण बघणार आहे? त्याला हवं असतं ते प्रक्षेपण, आणि त्यासाठी वळणावरची अक्षरं मुद्दाम ताणून काढायला त्याचा हात कचरत नाही. भांडं हातात घेऊन फिरवायचं असतं, अंगठा अक्षरांवरून जातो, म्हणून तिथे गुंडाळलेलं नाव खरं. होडी दुरून बघायची, म्हणून तिथे पाडलेलं. कॅडमध्ये दोन्ही आज्ञा शेजारी शेजारी असतात. कुठली दाबायची ते वाचणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं, आणि तो कुठे उभा आहे हे संगणकाला माहीत असण्याचं कारण नाही.

याच गावाजवळ पीव्हीसी पाइपचा मोठा कारखाना आहे. पाइपवरचा मजकूर कधी लक्ष देऊन पाहावा. व्यास, वर्ग, आयएस ४९८५ हा मानक क्रमांक, सगळं पाइपच्या लांबीला धरून छापलेलं असतं. पाइप लांबीच्या दिशेने वळलेला नसतोच. तिकडून लिहिलं की वळण फक्त अक्षराच्या उंचीपुरतं उरतं, आणि ती उंची मुळात चिमुकली. उत्पादनाच्या रेट्याने सापडलेली ही पळवाट आहे, आणि फार चांगली आहे.

आता डबा बाजूला ठेवून तांब्या घेऊ. इथे पळवाट नाही. डब्याचा पत्रा उलगडून सपाट करता येतो, शंकूचाही येतो. तांब्याच्या पोटाचा येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली वक्र पृष्ठभागांवरच्या आपल्या लॅटिन प्रबंधात हे पक्कं करून ठेवलं. पृष्ठभागाला एक अंगभूत वक्रता असते, नुसतं वाकवून ती बदलत नाही, बदलायची तर ताणावं किंवा चुरगळावं लागतं. सपाट कागदाची ही वक्रता शून्य, नळकांड्याचीही शून्य, म्हणून कागद नळकांड्यावर सुरकुती न पडता बसतो. पोटाची वक्रता धन, आणि तांब्याच्या गळ्यापाशी, जिथे आडवं वळण बाहेर आणि उभं वळण आत जातं, तिथे ऋण. एकाच तांब्यावर बोटभर अंतरात चिन्ह पालटतं. नकाशे काढणाऱ्यांचं जुनं दुखणं तेच. मर्केटरच्या १५६९च्या नकाशापासून ग्रीनलँड फुगत आलं आहे ते याच कारणाने.

सॉलिडवर्क्सची ‘रॅप’ आज्ञा बरीच वर्षं फक्त उलगडता येणाऱ्या पृष्ठभागांवरच चालायची. नंतरच्या आवृत्त्यांनी दुहेरी वळणांवरही ती चालवून दाखवली. राइनोमध्ये ‘फ्लो अलाँग सरफेस’ आहे, दागिन्यांची डिझाइनं करणारे ती सर्रास वापरतात. पण गाऊसला फसवणारं सॉफ्टवेअर निघालेलं नाही. विकृती कुठे ढकलायची, एवढंच सॉफ्टवेअर ठरवतं किंवा आपल्याला ठरवू देतं.

देवनागरीत मात्र ती ढकलायला एक फार सोयीची जागा आहे. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी राहतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात. तांब्याच्या पोटावर सर्वांत मोठ्या घेराचं जे वर्तुळ असतं, त्यावरच शिरोरेषा बसवली तर ती पृष्ठभागावरची सरळात सरळ रेषा होते. तांब्या डोळ्याच्या पातळीला धरला तर ती खरोखर सरळ दिसते. अक्षरं तिच्याखाली उतरतात, वेलांट्या, मात्रा आणि रफार तिच्यावर चढतात आणि दोन्हीकडे घेर कमी होत जातो. पोटाची गोलाई ६० मिलिमीटर त्रिज्येची असेल आणि अक्षर शिरोरेषेपासून २० मिलिमीटर खाली जात असेल, तर त्याचा पाय डोक्यापेक्षा सुमारे साडेपाच टक्के अरुंद होतो. एवढं डोळा खपवून घेतो. उलट शिरोरेषा गळ्याकडे वर सरकवली तर ती कमानीसारखी वाकते आणि सगळं नाव घसरल्यासारखं वाटू लागतं. शिरोरेषा हे देवनागरीचं मोठं बलस्थान आहे हे कागदावर कळत नाही. तांब्यावर कळतं.

आणि तिची अडचणही तांब्यावरच कळते. शिरोरेषा सगळ्या शब्दाला एका देहात बांधते. रोमन लिपीतला शब्द म्हणजे सुटी सुटी अक्षरं. प्रत्येक जवळजवळ सपाटच ठेवून नुसतं जरा जरा वळवत नेलं तरी भागतं. पेशव्यांच्या फौजेने वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटा हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर १७०७ची आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीही आहे. युरोपात घंटा ओतायची एक जुनी रीत अशी होती की साच्यासाठी घडवलेल्या मातीच्या घंटेवर मेणाची अक्षरं एक एक करून चिकटवायची. मेण ऊबदार असताना दाबलं की अक्षर आपोआप घंटेच्या वळणाला बसायचं. गुंडाळण्याचा सगळा प्रश्न बोटाच्या दाबाने मिटायचा. जोडून लिहायच्या लिपीला ही सूट नाही. अहमदनगरात १५४९ साली ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ बघावी. तिच्या अंगावर लेख आहेत आणि १६८६ साली विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने त्यात आपलाही एक घातला. अरबी-फारसी लेखनात अक्षराला अक्षर धरून असतं, त्यामुळे ओळ चुकली की ती शब्दासकट चुकते. देवनागरीचं दुखणं याच जातीचं.

कॅडमध्ये तर शिरोरेषेने भलताच घोळ होतो. छपाईच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या हद्दीत जरा घुसते किंवा बरोबर सीमेला टेकते. कागदावर शाई शाईत मिसळते, कुणाला काही कळत नाही. कॅडला मात्र बंद आकृत्या लागतात आणि त्या एकमेकींना छेदलेल्या चालत नाहीत. घुसल्या तर ते कापायला नकार देतं, नुसत्या टेकल्या तर शून्य जाडीची भिंत तयार होते म्हणून तक्रार करतं. मुलगा बिचारा फाँट बदलत बसतो.

त्याच्या आधीचा घोळ याहून मजेदार आहे. खुद्द ‘रत्नागिरी’ हे नाव घ्या. डोळ्याला चार अक्षरं : र, त्ना, गि, री. युनिकोडच्या हिशेबात ती नऊ चिन्हं आहेत, कारण पाय मोडणारा हलन्त वेगळा, काना वेगळा, वेलांट्या वेगळ्या. ही नऊ चिन्हं जुळवून चार अक्षरं करायला एक वेगळी यंत्रणा लागते. फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियम लागतात आणि ते नियम वाचणारा प्रोग्रॅमही लागतो. विंडोज २०००पासून लाखो लोकांनी पाहिलेला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशी यांनी काढला, त्याच्या पोटात असे नियम भरलेले आहेत. ब्राउझर ते पाळतो, मोबाइल पाळतो. काही कॅड प्रोग्रॅम पाळत नाहीत, ते चिन्हं आली तशी एकापुढे एक ठेवत जातात. फ्रीकॅडमधलं अक्षरांचं हत्यार या जातीचं. मग ‘त्न’चं जोडाक्षर न होता पाय मोडका त आणि पुढे न असं वेगळं उभं राहतं. ग नंतर टाइप केलेली ऱ्हस्व वेलांटी ग च्या मागे जाऊन न बसता पुढच्या र च्या डोक्यावर पडते. त्या र ला स्वतःची दीर्घ वेलांटी असतेच. म्हणजे एका र ला दोन वेलांट्या आणि ग उघडा. ओपनएससीएडीसारखे काही प्रोग्रॅम हे नीट करतात. बाकीच्यांसाठी जाणते लोक एक आडवाट धरतात. इंकस्केपमध्ये नाव टाइप करायचं, तिथे जोडाक्षरं बरोबर जुळतात, मग मजकुराच्या नुसत्या बाह्यरेषा करायच्या, सगळ्यांची बेरीज करून शिरोरेषेखाली एकच आकृती बनवायची आणि ती कॅडमध्ये आणायची. एकदा हे केलं की शून्य जाडीचं भूतही जातं.

यंत्रापुढे देवनागरीने नमतं घ्यावं का, हा वाद रत्नागिरीला नवा नाही. १८५६ साली इथे जन्मलेल्या टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल यात लक्ष घातलं होतं. १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळच चालवली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र चिन्हं काढून टाकायची आणि अ लाच वेलांटी-उकार लावून अि, अी, अु, अू लिहायचं, म्हणजे खिळे वाचतील. त्या काळच्या छापखान्याची नड खरी होती. खिळ्यांच्या पेट्या भिंतभर पसरायच्या आणि जुळाऱ्याचा हात दिवसभर त्यांच्यात येरझारा घालायचा. पण लोकांनी इ आणि उ सोडले नाहीत, आणि आज त्यांचं काही बिघडलेलं नाही. नमतं शेवटी यंत्राने घेतलं. जोडाक्षरांचे नियम वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुढे खिळ्यांची संख्या हा प्रश्नच उरला नाही. म्हणून ‘कॅडमध्ये मराठी बसत नाही, इंग्रजीतच नाव घाला’ हा सल्ला कुणी दिला तर तो आळसाचा सल्ला आहे.

एक योगायोग इथे सांगण्यासारखा आहे. अक्षराची बाह्यरेषा आणि तांब्याचा पृष्ठभाग ही दोन्ही संगणकात एकाच घराण्यातल्या वक्रांनी लिहिली जातात. हे वक्र फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतून आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी १९५९च्या सुमारास आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात ते गाडीच्या पत्र्याची वळणं नेमकी सांगता यावीत म्हणून घडवले. पुढे तेच फाँटमध्ये शिरले. त्यामुळे गोल पृष्ठभागावर अक्षर गुंडाळताना संगणक एका वक्राचे बिंदू उचलून दुसऱ्या वक्रावर ठेवत असतो. दोघंही एकच भाषा बोलणारे.

पडद्यावर इतकं सगळं झालं, की खऱ्या पत्र्याशी गाठ पडते. खोदायचं हत्यार टोकाला ६० अंशांचं असेल आणि अक्षराची रेघ एक मिलिमीटर जाड हवी असेल, तर ते जवळजवळ ०.८७ मिलिमीटर आत शिरावं लागतं. स्टीलच्या कित्येक घरगुती भांड्यांची भिंतच तेवढी जाड नसते. राम आळीतला माणूस टिंबांनी लिहितो ते उगीच नाही. पितळेच्या जाड घंटेवर ‘यांच्या स्मरणार्थ’ खोलवर कोरता येतं, तांब्यावर पृष्ठभाग नुसता खरवडायचा. म्हणूनच अनुभवी ड्राफ्ट्समन कोरीव अक्षरांचं मॉडेल शक्यतो करतच नाहीत. फाइल जड होते, संगणक रखडतो, आणि शेवटी ड्रॉइंगवर ‘नाव इथे, उंची ८ मिमी’ एवढी टीप पुरते.

साच्याचं काम असलं तर मात्र सुटका नाही. प्लॅस्टिकच्या बरणीवर नाव हवं असेल तर साच्यात ते उलटं आणि प्रत्यक्ष कोरलेलं लागतं. वर साचा उघडताना बरणी अडकता कामा नये. गुंडाळलेल्या अक्षरांच्या भिंती पृष्ठभागाला काटकोनात असतात, म्हणजे कडेच्या अक्षरांच्या भिंती साचा उघडण्याच्या दिशेला तिरक्या होतात आणि त्यात प्लॅस्टिक अडकतं. मग नाव गुंडाळायचं, पण भिंती साऱ्या एकाच दिशेला काढायच्या, शिवाय त्यांना तीनेक अंशांचा उतार द्यायचा, असा मधला मार्ग काढावा लागतो. भांडं आणि होडी इथे एकाच बरणीवर भेटतात. नाव फार लांब असेल तर तेही जमत नाही, ते दोन ओळींत तोडावं लागतं.

अलीकडे थरथरत्या सुईशेजारी लेसरची यंत्रं आली आहेत. भांडं चकमध्ये धरायचं, यंत्र ते थोडं थोडं फिरवतं आणि प्रत्येक टप्प्यात नावाचा एक उभा पट्टा उमटवतं. राम आळीतला डावा हात जे करतो तेच. फरक एवढाच की यंत्राला व्यास सांगावा लागतो. खरा व्यास १०० मिलिमीटर असताना ९८ सांगितला तर भांडं दर टप्प्याला जरा जास्त फिरतं आणि ५ मिलिमीटरच्या पट्ट्यामागे एक दशांश मिलिमीटरची फट राहते. इंग्रजी नावात ही फट बऱ्याचदा दोन अक्षरांमधल्या जागेत लपून जाते. मराठी नावात ती थेट शिरोरेषेवर येते, आणि सलग रेघेतला तेवढासा तुटकाही डोळ्याला लगेच खटकतो. म्हणून व्यास भांड्याच्या काठावर मोजून चालत नाही. शिरोरेषा जिथे येणार त्या घेरावर दोरी गुंडाळावी, ती मोजपट्टीवर धरावी, ३.१४ने भागावं आणि तो आकडा यंत्राला द्यावा. हाताने ठोकून घडवलेल्या तांब्याच्या घागरी असतील तर हे प्रत्येक नगाला नव्याने करावं लागतं, कारण एका कारागिराच्या एका दिवसाच्या दोन घागरींचाही घेर सारखा भरत नाही.